माणकाचं घर

पेण,
बुधवार, २८ नोव्हेंबर २००१

प्रिय हिरामण,

टिण्.

पितळी ताटात वालाचा एक दाणा पडावा, एवढाच तो आवाज. एकोणपन्नास वर्षं झाली. मधल्या काळात या कानांनी शाळेच्या किती घंटा ऐकल्या, साठ साठ पोरांनी एका सुरात म्हटलेल्या कविता ऐकल्या. त्यातल्या कित्येक अजून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवीन. पण दुपारी ओटीवर डोळे मिटून बसलो की सगळ्या कविता ओसरतात आणि तळाशी तेवढा आवाज उरतो. आमच्या पुतळीताईचा साखरपुडा होता, वडील नवऱ्यामुलाच्या बोटात अंगठी घालत होते आणि माणिक निखळून ताटात पडलं. अंगठी तुमच्या पेढीवर घडलेली. तेव्हा तुम्ही पेणलाच होता, आमच्या शेजारी. पण तू त्या खोलीत नव्हतास. तुला हकिगत माहीत आहे, आवाज माहीत नाही.

हे आज काढायचं कारण आमची नात मालू. तिचं तुमच्या रोह्याजवळच्या वरश्यातल्या शिवाशी ठरलं, हे कळलंच असेल. मुलगा तिथल्या एका कंपनीत आहे, गुणी आहे. २३ डिसेंबरला, रविवारी, आमच्याकडे साखरपुडा. परवा मालूने माझ्या आईचा कुंकवाचा करंडा उघडला आणि कापसात गुंडाळलेलं तेच माणिक बाहेर काढलं. म्हणाली, "आजोबा, एवढा सुंदर खडा आणि अंधारात? शिवाच्या अंगठीत हाच बसवायचा." मी नाही म्हणणार होतो. पण का नाही, ते सांगावं लागलं असतं. ताईची गोष्ट तिला माहीत नाही, आमच्याकडे ती कुणी काढत नाही. तोवर आमच्या विमलबाई बोलल्याच, "पोरीला जे सुचलं ते तुम्हाला चाळीस वर्षांत सुचलं नाही."

रविवारी दोघं बोटाचं माप द्यायला तुझ्याकडे येतील. तुमच्या पेढीवर कोंदणाला 'घर' म्हणतात, हे मीच तिला हौसेनं सांगून बसलो. ती चार नखांचं उघडं घर मागेल, खडा नुसता चार टोकांवर धरलेला. ताईच्या वेळच्या अंगठीला तेच होतं. हिरामण, ते करू नकोस. बंद घर कर. चारी बाजूंनी सोन्याची भिंत, खाली सोन्याचाच तळ. खडा जागचा हलता कामा नये. आणि मी लिहिलं हे तिला कळू देऊ नकोस. म्हण, हा खडा नखांत बसत नाही.

फोन केला असता. पण तुझी सून चंद्रावती म्हणाली, "मामांना फोनवर समजत नाय, पत्र टाका."

सहासष्टाव्या वर्षी मला एका खड्याची भीती वाटते. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तुझा
दिनानाथ


रोहा,
सोमवार, ३ डिसेंबर

दिनानाथ मास्तर,

पत्र पोचलं, मग पोरं पोचली. तू लिवतोस झोकात, माझं चौथीपर्यंतचं शिक्षण, सांभाळून घे.

तुझी नात फाडफाड बोलते. बसायच्या आधीच मासिकातलं चित्र माझ्या पुढ्यात ठेवलं. म्हणते, "आजोबा, चार नखं. खालून उजेड आला पायजे. नायतर माणिक कशाला, कुंकवाची टिकली चिकटवा."

मी पोराला विचारलं, "तुला कसं पायजे रे?"

तो म्हणाला, "मला काय पण चालंल."

ती म्हणाली, "तुला कोणी विचारलंय? तू बोट पुढं कर."

पोरगा लाजला. मला आवडला. बोटाचे सांधे जाड हायत, माप घेताना दोनदा साबण लावला. विचारलं, कंपनीत काय करतोस. हातमोजे घालून शिफ्टला व्हॉल्व फिरवतो म्हणाला. तेवढं ऐकलं आणि माझं मला कळलं, नखं नकोत. मोज्यात अडकणार. पण बंद घर पण नको वाटतं. बंद घरात माणिक मरतं, मास्तर. लाल खड्याला खालून उजेड नाय मिळाला तर तो काळा पडल्यासारखा दिसतो. पोरगी खरं बोलते.

म्हणून तिला म्हटलं, आधी पितळेची नमुन्याची अंगठी करतो, त्यात खडा बसवून बघतो, मग सोनं. तुझं नाव काढलं नाय.

पण एक विचारू? एकोणपन्नास वर्षं खडा कापसात, करंड्यात, कपाटात. अजून किती बंद घर पायजे तुला?

हिरामण


पेण,
गुरुवार, ६ डिसेंबर

प्रिय हिरामण,

तुझ्या शेवटच्या ओळीवर मी दोन दिवस बोट ठेवून बसलो. तुला वाटतं म्हातारा हळवा झालाय. त्या खोलीत काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही. आता ऐक.

खडा पडल्यावर कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. नवऱ्यामुलाचे काका वाकले, खडा ताटात कुठे पडलाय ते नीट बघितलं, हात लावला नाही. मग आपलं उपरणं उचलून झटकलं आणि म्हणाले, "सुरुवातच अशी." बस्स. सात-आठ माणसं उठली, मांडलेली पानं तशीच. आणि ताई पोह्यांचं ताट घेऊन दाराच्या फळीआड उभी होती. तिने ताट खाली ठेवलं नाही. पाहुण्यांच्या चपला वाजायच्या थांबल्या तरी ती तशीच.

महिन्याच्या आत वडिलांनी तिला वडखळच्या पुढे, खाडीकाठच्या गावी, मिठागरावर काम करणाऱ्या एका बिजवराला दिली. तिच्याहून सतरा वर्षांनी मोठा. वाजंत्री नाही की काही नाही. आणि तिची पाठ वळल्यावर म्हणाले, "या घरच्या कुठल्याही कार्याला त्या पोरीनं उंबरा ओलांडायचा नाही." अपशकुन ज्या बोटातून पडला ते बोट परक्याचं. अंगठी घडवणारे तुम्ही. तरी बोल तिच्या वाट्याला आला. आणि उरलेला तुम्हाला. तुमचं गिऱ्हाईक तुटलं, पेढी उचलून रोह्याला गेलात, हे मी विसरलेलो नाही.

आता इथली गोष्ट. काल शिवाची आजी, धोंडुबाई, मालूला भेटून गेली. चहा पिता पिता म्हणाली, "अंगठीत माणिक बसवताय म्हणं. घरातलंच का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "छे, मुंबईहून आणवलं." मालू समोर होती. ती माझ्याकडे बघत राहिली. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून फळ्यावर लिहून दिलं मी.

धोंडुबाई जुन्या वळणाची आहे. तिला त्या खड्याची हकिगत कळली तर काय होईल, हे तुला सांगायला नको. मालू दाराच्या फळीआड ताट घेऊन उभी आहे, असं मला जागेपणी दिसतं.

बंद घर कर. उजेड नको.

दिनानाथ


रोहा,
सोमवार, १० डिसेंबर
(पोस्टकार्ड)

मास्तर,

नमुन्याच्या अंगठीत खडा घातला. चंद्रावती म्हणते, खडा बोलतोय. मला भ्या वाटायला लागलंय. तू काय म्हणतोस ते कळव. पोरांना सांगू नको.

हिरामण


पेण,
गुरुवार, १३ डिसेंबर

हिरामण,

तुझं कार्ड विमलबाईंच्या हाती पडलं नाही, हे नशीब. पोस्टमन फाटकाशीच भेटला. तिथेच वाचलं आणि सदऱ्यात लपवलं.

काय बोलतो तो? तुला खरं सांगतो, मला आश्चर्य वाटलं नाही. ते माणिक बोलणार, हे मला माहीत होतं. एकोणपन्नास वर्षं कापसाचा बोळा तोंडात घालून ठेवला होता त्याच्या. शब्द आहेत का? की नुसता आवाज? बाईचा आहे का? चंद्रावतीला विचार, रडल्यासारखा वाटतो का. आणि ती पोटुशी आहे ना? तिच्या कानाजवळ तो खडा नेलाच कशाला तू!

काल इथे बातमी आली की शिवाच्या कंपनीत गरम वाफ लागून त्याचा हात भाजला. डावाच, माप दिलेला. थोडं आहे म्हणतात, चार फोड. मालू हसत म्हणाली, "साखरपुड्याला उजव्या हातात घालू." तिला हसू येतं. खडा नुसता बोटाच्या मापापर्यंत पोचला, तेवढ्यात हे झालं.

म्हणून मी ठरवलंय. खडा कुंडलिकेत टाकून दे. पुलावरून, मधोमध. मालूला सांग हरवला. शिव्या मी खाईन. आणि वरश्याला एक पत्र लिहून ठेवलंय, की माझ्या छातीत दुखतं, डॉक्टर धावपळ नको म्हणतात, कार्य पुढे ढकलावं. किती पुढे, ते लिहिलं नाही. पत्र सदऱ्याच्या खिशात आहे. मालूचा बाप नागोठण्याला शिफ्टवर असतो, त्याला यातलं काही माहीत नाही. तुझं उत्तर आलं की मी ते टाकणार.

एक कार्य मोडलेलं मी पाहिलंय, म्हणून दुसरं आपल्या हातानं थांबवतोय. यात चूक आहे का?

दिनानाथ


रोहा,
शनिवार, १५ डिसेंबर

अरे येड्या मास्तरा,

ते खिशातलं पत्र पोस्टात टाकलं असशील तर पोस्टमनचे पाय धर, पण परत घे.

खडा बोलतो म्हणजे भूत बोलत नाय. आमच्या धंद्यातला शब्द हाय तो. खडा बसवला की अंगठी कानाजवळ धरायची आणि बोटाच्या नखानं टिचकी द्यायची. खडा घट्ट असंल तर गप ऱ्हातो. सैल असंल तर आतल्या आत टिक् टिक् वाजतो. त्याला म्हणायचं, खडा बोलतो. बोलला की परत बसवायचा. एवढंच. चंद्रावतीला हे मीच शिकवलंय. ती तुझं पत्र वाचून एवढी हसली की मला वाटलं आताच बाळंत होते. पोराचा हात पण बरा हाय, मी बघून आलो. काल त्याच हातानं सायकल चालवत होता.

आता माझी गोष्ट. भ्या मला कसलं वाटलं ते मी कार्डात लिवलं नाय, त्याची लाज वाटत होती. मास्तर, मला ऐकायला येत नाय. फोनवरच नाय असं नाय. दोन वर्षं झाली, खडा बोलतो का गप हाय ते मला कळत नाय. गिऱ्हाइकासमोर अंगठी कानाला लावतो, मान हलवतो, नाटक सगळं. मी तो नमुना कानाला लावला, गप वाटला. चंद्रावतीनं सहज लावला तर बोलत होता. म्हणजे तुझ्या नातीची अंगठी मी तशीच देऊन बसलो असतो. परत पेणला, त्याच घरात, त्याच खड्याची. त्याचं भ्या.

आणि आता लिवायला बसलोय तर सगळंच लिवतो. पुतळीताईची अंगठी माझ्या हातची. बाबांनी घडवली, पण नखं मी दाबली. वीस वर्षांचा होतो. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "ऐकलास का खडा?" मी म्हटलं, "ऐकला." ऐकला नव्हता. त्या दिवशी बाजारात जत्रेचे पाळणे लागले होते, मला जायची घाई. तेव्हा कान चांगले होते आणि मी ऐकलं नाय. आता ऐकायचं हाय तर कान नायत.

बाबा मरेपर्यंत म्हणत होते, माझ्या हातून कसं झालं? मी सांगितलं नाय.

आता शिव्या घाल.

हिरामण


पेण,
मंगळवार, १८ डिसेंबर

हिरामण,

शिव्या कुणी कुणाला घालायच्या? वरश्याचं पत्र फाडलं. तुकडे खिशातच आहेत, कारण कचऱ्यात टाकले तर विमलबाई जोडून वाचतील.

तुझं पत्र वाचताना एका शब्दापाशी मी थांबलो. टिक् टिक्.

हिरामण, तो मी ऐकला होता.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी, सगळे गडबडीत असताना, मी देव्हाऱ्यापुढची अंगठी उचलली. सतरा वर्षांचा होतो, डोक्यात कविता सोडून काही नसायचं. खिडकीशी नेऊन उन्हात फिरवली. माणकातला लाल उजेड तळहातावर पडला. आणि मला आत काहीतरी वाजल्याचं ऐकू आलं. कानाला लावली. हलवली. टिक् टिक्. मी कुणाला काय सांगितलं? काहीच नाही. धावत माडीवर गेलो आणि वहीत लिहिलं:

माणकाच्या घरी पाखरू लहान,
चोच वाजवून मागते आभाळ.

फार खूश होतो त्या ओळींवर. खाली माणसं जमेपर्यंत तिसरी ओळ शोधत होतो. तुमच्या धंद्यातला तो एक शब्द मला माहीत असता तर! पण शब्द कशाला हवा होता? ताईला नुसतं म्हटलं असतं, "ऐक गं, अंगठी वाजतेय," तर ती म्हणाली असती, "दिना, खुळ्या, ती सैल आहे, पळ, हिरामणला दे." तुमचं घर शेजारी होतं. वीस पावलं.

ही गोष्ट मी आजवर स्वतःलासुद्धा अशी सरळ सांगितली नव्हती. मी म्हणायचो, अपशकुन. खड्यात दोष आहे. नशीब. अपशकुन म्हटलं की माणसाला काही करावं लागत नाही.

वडील जाऊन एकतीस वर्षं झाली. त्यांचं सगळं सामान आम्ही वाटून टाकलं, ते एक वाक्य तेवढं मी घरात ठेवलं. मुलाच्या लग्नात ताईला बोलावलं नाही. आई गेली तेव्हा ती आली होती. अंगणात चाफ्याखाली बसून राहिली आणि तशीच गेली. मी आत होतो. पेणला परतताना एसटी वडखळच्या नाक्यावर थांबते ना, तेव्हा मी उजवीकडच्या खिडकीत बसतो, कारण खाडीचा रस्ता डावीकडे आहे. तिचा नवरा केव्हाच गेला, हेही मला दुसऱ्याकडून कळलं.

आता माझी भीती बदलली. खडा पडेल याची आता वाटत नाही. ताईला हे कळेल, याची वाटते. ती समोर येऊन म्हणाली, "दिना, तू ऐकलं होतंस?" तर मी काय उत्तर देऊ?

घर तुला हवं तसं कर. बंद की उघडं, मला आता सांगता येत नाही. फक्त यातलं कुणाला बोलू नकोस.

दिनानाथ


रोहा,
गुरुवार, २० डिसेंबर

मास्तर,

अंगठी झाली. कडेनं सोन्याची भिंत घातली, म्हणजे मोज्यात अडकायला नको. खालचा तळ काढून टाकला. बोटाच्या बाजूनं घर उघडं, उजेड येतो. मालू परवा येऊन बघून गेली. तिनं आधी नाक मुरडलं, मग उन्हात धरून गप झाली. ती पोरगी गप झाली म्हणजे बघ.

आता उरला कान. चंद्रावती माहेरी गेली, दिवस भरत आलेत. दुसऱ्या सोनाराकडं नेली तर उद्या सगळा बाजार म्हणंल, हिरामण बहिरा झाला. आणि मला असा कान पायजे, जो कंटाळून हो म्हणणार नाय. ज्याला त्या टिक्-चं मोल ठाऊक हाय असा.

माझ्या पोराला, गोविंदाला, अंगठी देऊन पाठवतोय. वाटेत वडखळला त्याचं एक काम हाय. रविवारी सकाळी तुझ्याकडं पोचंल. माझे गुडघे एसटीची पायरी चढत नायत, मी येत नाय.

जो कोण अंगठी घेऊन येईल त्याला दारात उभं ठेवू नको. एवढं माझं ऐक.

तू म्हणालास कुणाला बोलू नको. माझं मी बोललो, तुझं बोललो नाय. तुझं तू बघ.

हिरामण


पेण,
रविवार, २३ डिसेंबर, सकाळी साडेनऊ

प्रिय हिरामण,

हे पत्र तुला केव्हा मिळेल कोण जाणे, पण हाताला काहीतरी काम हवं म्हणून लिहितोय.

वरश्याची मंडळी निघाली. शिवाने नागोठण्याहून फोन केला, जीपमध्ये अकरा जण आहेत आणि धोंडुबाई पुढे बसल्या आहेत. तासाभरात येतील. गोविंदाचा पत्ता नाही. मी सकाळपासून चार वेळा फाटकाशी जाऊन आलो. मालूचा बाप म्हणतो, "बाबा, बसा हो. येईल." विमलबाईंनी तेच जुनं पितळी ताट घासून ठेवलंय. मी त्यात पंच्याची चौघडी करून घातली. म्हणाल्या, "अंगठी ठेवायचीय, गरम टोप नव्हे." त्यांनी पंचा काढला. त्यांची पाठ वळली तेव्हा मी परत घातला.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचतोय. 'माझं मी बोललो.' कुणाला बोललास? काल विचारणार होतो. विचारायचं धाडस झालं नाही.

मालू नवी साडी नेसून पोह्यांचं ताट घेऊन आतल्या दारात आली आहे. फळीआड नाही, मधोमध उभी आहे. तरी मी तिला म्हटलं, "ताट ठेव गो खाली." ती म्हणाली, "आजोबा, तुम्हाला झालंय काय? मघापासून माणिक माणिक पुटपुटताय."

तेव्हा मी तिला सांगून टाकलं. सगळं नाही. एवढंच, की मुंबईहून आणवलं हे खोटं होतं, आणि तुझ्या बाबांची एक पुतळीआत्या आहे. ती ताट घेऊन तशीच उभी. "आहे? मग कुठाय?"

तोच फाटक वाजलं.

मालू म्हणते गोविंदाकाका आले, आणि ताट खाली ठेवून बाहेर गेली. मी खिडकीशी बसूनच लिहितोय, इथून चाफा दिसतो. रिक्षा उभी आहे. गोविंदा रिक्षापाशीच थांबलाय, आत येत नाही. अंगणात एक म्हातारी बाई आहे. सुती लुगडं, अंगाने वाळलेली, टाचा मिठाने चिरलेल्या. तिने उजवा हात कानाशी नेलाय. चिमटीत काहीतरी धरलंय आणि नखाने टिचकी मारतेय. मान तिरकी करून ऐकतेय. परत टिचकी. परत ऐकतेय. ती मान तिरकी करायची पद्धत मला माहीत आहे, हिरामण.

मालू विचारते आहे, "कोण पाहिजे आजी? आत या ना."

ती पायरीशी आली, उंबऱ्याच्या अलीकडे थांबली. अंगठी तिने मालूच्या हातात ठेवली. काय म्हणाली ते मला इथे ऐकू आलं नाही. मालू वळली आणि तिथूनच मला हाक मारते आहे:

"आजोबा! या म्हणतायत, बोलत नाय खडा, गप हाय. आणि म्हणतायत, दिनाला विचार, आत येऊ का?"